भट्टीच्या अस्तरासाठी सच्छिद्र वीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भट्टी मातीच्या भांड्यांची असो, ओतकामाची असो की प्रयोगशाळेतली, हलक्या विटांबद्दल विचारले जाणारे प्रश्न तेच ते असतात. मी बरीच वर्षं भुशाच्या (मातीत भुसा मिसळून, भाजताना तो जाळून सच्छिद्र केलेल्या) विटा घडवून भाजत आले आहे, त्यामुळे काही उत्तरं पुस्तकी आहेत आणि काही हात भाजून मिळालेली. भुशाच्या विटेवर जास्त लिहिलंय, कारण लहान भट्टीवाल्याला जमण्यासारखी तीच आहे.

साधी फायर ब्रिक असताना ही वेगळी वीट कशाला?

जड फायर ब्रिक उष्णता सोसते, पण अडवत नाही. तिची उष्णतावाहकता साधारण १ ते १.५ वॅट प्रति मीटर केल्विन असते. चांगल्या सच्छिद्र विटेची ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान भरते. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या भिंतीतून ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याइतकीच उष्णता बाहेर जाते.

दुसरा फायदा पटकन ध्यानात येत नाही. भिंत स्वतःच किती उष्णता पिऊन बसते, हा तो मुद्दा. २३० × ११५ × ६५ मिमी मापाची जड वीट साडेतीन किलोच्या आसपास भरते. ती आरपार १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला जवळजवळ एक युनिट वीज लागते. त्याच मापाची ०.८ घनतेची (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) वीट १.४ किलोच्या आतबाहेर असते आणि तिला ०.४ युनिट पुरतं. शंभर-दीडशे विटांची भट्टी रोज पेटवून रोज थंड होऊ द्यायची असेल, तर हा फरक दर खेपेला पदरात पडतो. अखंड चालणाऱ्या भट्टीत तो एकदाच मिळतो. तिथे खरी बचत भिंतीतून होणारी गळती कमी झाल्याची.

उष्णता नक्की कोण अडवतं, माती की हवा?

अडकून पडलेली हवा. खोलीच्या तापमानाला हवेची वाहकता ०.०२६ असते, म्हणजे भाजलेल्या मातीच्या तुलनेत नगण्य. म्हणूनच सगळ्यांचा पहिला विचार असतो की जितकी छिद्रं जास्त तितकं चांगलं. हा विचार अर्धाच बरोबर आहे, आणि बहुतेक घरगुती विटा त्या उरलेल्या अर्ध्यातच मार खातात.

भट्टी लालबुंद झाली की उष्णता किरणांच्या रूपानेही जाऊ लागते. छिद्राची एक भिंत समोरच्या भिंतीकडे किरण फेकते, त्याला मधल्या हवेची अडचण होत नाही. हा वाटा निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि छिद्र जितकं रुंद तितका तो मोठा. हिशोब करून पाहा. १२०० अंशांना १ मिमी रुंदीच्या छिद्रातून किरणांवाटे जाणारी उष्णता ०.७ वाहकतेच्या पदार्थातून जावी तेवढी असते. छिद्र ०.१ मिमीचं असेल तर हाच आकडा ०.०७ वर येतो. म्हणजे मोठं छिद्र त्या तापमानाला जवळजवळ भरीव मातीसारखंच वागतं, वर विटेची ताकद घालवतं ती वेगळीच.

म्हणून सारख्याच वजनाच्या दोन विटा भट्टीत अगदी निराळ्या वागू शकतात. वीट हातात घेऊन नुसती हलकी आहे का पाहू नका. तुटलेला कडा उन्हात धरा. छिद्रं सहज मोजता येत असतील तर ती वीट ८०० अंशांखालच्या कामाला ठेवा. बारीक पावासारखा एकजीव पोत दिसला तर ती वरच्या तापमानाची.

छिद्रं पाडायच्या पद्धती कोणत्या?

सगळ्यात जुनी म्हणजे निसर्गानेच छिद्रं पाडलेली माती वापरणं. पाण्यावर तरंगणाऱ्या विटांची नोंद रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने इसवीसनपूर्व पहिल्या शतकात केली आहे आणि त्याचं श्रेय पमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडासारख्या मातीला दिलं आहे. आजही डायटमाइट, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांची माती, मागच्या थराच्या विटांसाठी वापरतात. तिची छिद्रं मायक्रॉनच्या मापातली असतात, त्यामुळे उष्णता उत्तम अडते. मात्र ही माती फार वरच्या तापमानाला टिकत नाही.

दुसरी पद्धत जळून जाणाऱ्या पदार्थाची: मातीत भुसा, कोळशाची पूड किंवा थर्मोकोलचे दाणे मिसळायचे आणि भाजताना ते जाळून टाकायचे. तिसरी फेसाची. मातीच्या पातळ राबडीत साबणासारख्या द्रव्याचा घट्ट फेस मिसळून ओततात आणि प्लास्टर किंवा सिमेंटने तो जागच्या जागी धरून ठेवतात. प्लास्टरमधला कॅल्शियम पुढे मातीशी मिळून अ‍ॅनॉर्थाइट नावाचं खनिज बनवतो. ते साधारण १५५० अंशांना वितळतं, म्हणून अशा विटा मधल्या तापमानापुरत्याच. राबडीत अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि अल्कली घालूनही फुगवण मिळते, पण तिथे हायड्रोजन सुटतो. बंद खोलीत हा उद्योग अजिबात करू नका.

चौथी पोकळ दाण्यांची: परलाइट, व्हर्मिक्युलाइट, राखेतले पोकळ गोळे किंवा सगळ्यात वरच्या कामासाठी बबल अ‍ॅल्युमिना. बबल अ‍ॅल्युमिना वितळलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या धारेवर हवेचा झोत मारून करतात, आणि त्याच्या विटा १७०० अंशांच्या पुढेही चालतात. परलाइट मात्र काच आहे. ९०० अंशांच्या सुमाराला तो मऊ पडू लागतो, त्यामुळे त्याला आगीच्या तोंडाशी जागा नाही.

भुसा कोणता घ्यावा आणि किती?

करवतीखालचा बारीक भुसा, १ मिमीच्या चाळणीतून गाळलेला. रंध्यातून निघालेल्या सालपटांचे कुरळे तुकडे नकोत. ती मळताना आडवी पडून थर करतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसाही नको, त्याचा धूर विषारी असतो.

भुसा आदल्या दिवशी भिजवून ठेवा. कोरडा भुसा मातीतलं पाणी ओढत राहतो. मळताना बरा वाटणारा गोळा तासाभरात कोरडा पडतो, मग आपण पुन्हा पाणी घालतो, आणि ते जास्तीचं पाणी सुकताना तड्यांच्या रूपाने वसूल होतं. भिजवलेला भुसा मुठीत दाबला की दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये.

प्रमाण मापानेच धरा: माती आणि ग्रॉग (आधीच भाजून दळलेली माती) यांचं कोरडं मिश्रण एक भाग, सैल भुसा एक भाग, इथून सुरुवात. सैल भुशात मुळातच हवा असते आणि मळताना तो दबतो, त्यामुळे एकास एक घेतल्याने निम्मी वीट छिद्रांची होते असं समजू नका. पहिल्या भाजणीनंतर घनता मोजा आणि भुसा दीड भागापर्यंत वाढवत न्या. त्यापुढे कच्ची वीट हाताळतानाच कोपरे सोडते.

तांदळाचं तूसही वापरतात, पण त्याचं गणित वेगळं आहे. तूस जळल्यावर वजनाच्या १५ ते २० टक्के राख उरते आणि ती बहुतांशी सिलिका असते. म्हणजे छिद्रांबरोबर तुम्ही विटेत सिलिकाही घालत असता. लाकडाच्या भुशाची राख फार कमी, पण तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. पोटॅश, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका यांच्या मेळातलं सगळ्यात कमी वितळणबिंदूचं मिश्रण ९८५ अंशांच्या आसपास द्रव होतं. चूलभर राख मिसळलेला किंवा मातकट भुसा घेतला की वीट लवकर मऊ का पडते, ते यावरून कळेल.

मातीचं मिश्रण कसं असावं?

नुसत्या मातीची वीट करू नका. भुसा जळून गेला तरी मागे राहिलेल्या मातीच्या भिंती आकसतात, आणि त्यांच्याबरोबर सगळी वीट आकसते. हे आकसणं ग्रॉग कमी करतो, कारण तो आधीच भाजून दळलेला असतो. निम्मी फायर क्ले (उष्णता सोसणारी माती) किंवा चिनी माती आणि निम्मा बारीक ग्रॉग हे चांगलं टेकू देणारं प्रमाण आहे. तुटक्या फायर ब्रिक कुटूनही ग्रॉग होतो, फक्त काचेचा थर चढलेले तुकडे वेगळे काढा.

शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे चिनी मातीत, सुमारे ३९.५ टक्के अ‍ॅल्युमिना, ४६.५ टक्के सिलिका आणि १४ टक्के रासायनिक पाणी असतं. अ‍ॅल्युमिना-सिलिका जोडीत पहिला द्रव १५९० अंशांच्या सुमाराला तयार होतो. प्रत्यक्षात लोह आणि अल्कली त्याच्या कितीतरी आधी वीट मऊ करतात. म्हणून भाजल्यावर लाल होणारी माती टाळायची. याहून वरच्या कामाला मिश्रणात अ‍ॅल्युमिनाची पूड वाढवावी लागते.

साचा आणि सुकवण?

साच्यात गोळा दाबून भरा, पण ठोकू नका. सावलीत, जाळीवर, सगळ्या बाजूंनी वारा लागेल असं ठेवा आणि रोज कुशी बदला. वजन दोन दिवस उतरलं नाही की वीट सुकली. नजरेवर भरवसा ठेवू नका, भुसा आत ओल धरून बसतो.

भाजणी कशी करावी?

इथे घाई करणाऱ्याच्या विटा हमखास बिघडतात.

१२० अंशांपर्यंत तासाला तीस-चाळीस अंशांनी चढा आणि तिथे उरलेली ओल जाऊ द्या. आत कोंडलेली वाफ वीट फोडते. २०० ते २५० अंशांच्या पुढे लाकूड विघटित होऊ लागतं आणि धूर सुटतो. यापुढचा टप्पा सगळ्यात अवघड आहे, कारण आता इंधन तुमच्या हातात राहिलेलं नसतं, ते विटेच्या पोटात असतं. एका विटेत पाव किलो कोरडा भुसा धरला, तर तो जळताना सुमारे ४.५ मेगाज्यूल उष्णता देतो. तीच वीट १००० अंशांपर्यंत न्यायला १.४ मेगाज्यूल पुरतात. म्हणजे गरजेच्या तिप्पट आग विटेतच भरलेली आहे. ती एकदम भडकली की तापमान तुमच्या नियंत्रणाबाहेर जातं, विटेचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि वीट फुटते.

म्हणून २०० ते ५०० अंशांचा प्रवास तासाला वीस-तीस अंशांनीच करायचा. धूर वाढला की आच बंद करा, पण हवा बंद करू नका. पहिल्यांदा शिकणाऱ्याचा हात नेमका उलट जातो: धूर पाहून तो झरोके लावून घेतो. ४५० ते ६०० अंशांमध्ये मातीचं रासायनिक पाणी जातं, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्‌झ आपलं रूप बदलून एकाएकी फुगतो. हाही भाग हळूच ओलांडायचा. नंतर ७००-७५० अंशांवर थांबून राहिलेला कोळसा जळू द्या. १००० अंशांच्या पुढे विटेला बळ देणारं म्युलाइट नावाचं खनिज बनू लागतं, तिथून चढण जरा वेगाने चालते.

शेवटचं तापमान किती? वीट ज्या तापमानाला वापरायची त्याच्या वर. कमी भाजलेली वीट भट्टीत बसल्यावर भाजून घेते, म्हणजे भिंतीतच आकसते, आणि सांध्यांतून आग बाहेर डोकावते.

वीट मोडली तर आत काळी का निघते?

माझ्या पहिल्या खेपेतल्या जवळजवळ सगळ्या विटा अशाच निघाल्या होत्या. बाहेरून सुंदर, फिकट बदामी. एक मधोमध करवतीने कापली तर कडेला दोन बोटं बदामी पट्टा, त्याच्या आत करडा, आणि मध्ये निळसर काळं अंडाकृती पोट. बोट फिरवलं तर बाहेरचा भाग खरखरीत लागत होता आणि काळा भाग काचेसारखा गुळगुळीत. तिथली छिद्रं फुगून एकमेकांत मिसळली होती.

झालं होतं ते असं. कोळसा जळायला प्राणवायू लागतो आणि तो छिद्रांतून आत झिरपत जातो. भुसा जळायच्या आत मी तापमान चढवलं, बाहेरचा थर घट्ट होऊ लागला आणि आत कोळसा कोंडला गेला. कोंडलेला कोळसा मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमधून प्राणवायू काढून घेतो, उरलेलं फेरस ऑक्साइड मातीला वितळवतं, आणि सुटलेला वायू ती मऊ माती फुगवतो. अशी वीट भट्टीत लावली की तिथूनच बसते.

उपाय म्हणजे ७०० अंशांच्या आसपास जास्त वेळ. तो किती, हे जाडीवर ठरतं, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. मी दर खेपेला त्याच मिश्रणाचा, त्याच जाडीचा एक तुकडा दाराशी ठेवते. थांबण्याची वेळ संपली की तो चिमट्याने काढून, थंड करून मोडते. पोट काळं असेल तर आणखी दोन तास. कडेला शंकू किंवा खाच ठेवून पोकळ केलेल्या विटा लवकर साफ जळतात, पण मग त्या भक्कम बसत नाहीत.

थर्मोकोलचे दाणे बरे की भुसा?

दाणे राख ठेवत नाहीत, गोल असतात आणि वीट दिसायला देखणी होते. पण ते स्प्रिंगसारखे आहेत: दाबले की दबतात, हात काढला की परत फुगतात आणि कच्च्या विटेला बारीक तडे देतात. म्हणून दाबायच्या नव्हे, ओतायच्या मिश्रणात ते बरे. जळताना स्टायरीनचा धूर येतो. भट्टी उघड्यावर नसेल तर नकोच. शिवाय बाजारातले दाणे बहुधा २-३ मिमीचे असतात, आणि मोठ्या छिद्राचं काय होतं ते वर आलंच आहे.

सच्छिद्रता कशी मोजू?

फूटपट्टी आणि वजनकाटा पुरतो. वजन भागिले घनफळ, ही झाली घनता. फायर क्लेच्या भरीव पदार्थाची घनता २.६५ च्या आसपास धरा. वीट ०.८ ची असेल तर ०.८ ÷ २.६५, म्हणजे ३० टक्के माती आणि ७० टक्के पोकळी. उघडी छिद्रं वेगळी मोजायची असतील तर तुकडा कोरडा तोला, पाण्यात दोन तास उकळून थंड करा, पाण्यात टांगून तोला आणि बाहेर काढून ओलसर फडक्याने टिपून पुन्हा तोला. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले ओलं वजन वजा टांगलेलं वजन.

विटांवरचे २३, २६, २८ हे आकडे कशाचे?

ही अमेरिकी वर्गवारी आहे. आकड्याला शंभराने गुणलं की फॅरनहाइटमधलं तापमान मिळतं: २३ म्हणजे १२६० अंश सेल्सिअस, २६ म्हणजे सुमारे १४३०, २८ म्हणजे सुमारे १५४०. कसोटी मर्यादेपेक्षा साधारण ३० अंश खाली घेतात, आणि चोवीस तासांत वीट दोन टक्क्यांहून जास्त आकसायला नको. लक्षात घ्या, दोन टक्के मंजूर आहेत. मीटरभर भिंतीत ते दोन सेंटिमीटर होतात. म्हणून रोजच्या वापराचं तापमान आकड्याच्या शंभरेक अंश खाली ठेवावं. तसंच २३ च्या विटेची घनता ०.७७ च्या आत आणि २८ ची ०.९६ च्या आत असावी लागते.

आणखी हलकी का करू नये?

ताकद सरळ रेषेत नाही, कोसळत उतरते. सच्छिद्रता २५ टक्क्यांवरून ७० वर नेली की ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर येते, कधी त्याहूनही खाली. एका चौरस सेंटिमीटरवर दहाएक किलो सोसणारी वीट भिंतीला पुरते, पण तिच्यावर जड शेल्फ किंवा मूस ठेवू नका. जमिनीला जड वीटच लावा.

आगीच्या तोंडाशी लावू की जड विटेच्या मागे?

स्वच्छ, वीजेच्या किंवा शांत ज्योतीच्या भट्टीत सरळ तोंडाशी लावा. वितळलेला धातू, स्लॅग (धातूवरची वितळलेली मळी), काच किंवा मिठाची वाफ असेल तर छिद्रं ती स्पंजासारखी शोषतात आणि वीट खलास होते. तिथे पुढे जड वीट आणि मागे हलकी.

मागे थर देताना एक चूक वारंवार होते. बाहेरून आणखी इन्सुलेशन चढवलं की कवच थंड होतं खरं, पण आतला प्रत्येक थर जास्त तापतो. पूर्वी दोन थरांच्या सांध्यावर ९०० अंश असतील तर आता ११०० होऊ शकतात. मधल्या थराची मर्यादा तपासल्याशिवाय सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट गुंडाळू नका.

हायड्रोजन असलेल्या भट्टीत सगळे आकडे बदलतात. छिद्रांत हवेऐवजी हायड्रोजन शिरतो, आणि त्याची वाहकता हवेच्या सातपट आहे. कार्बन मोनॉक्साइड असेल तर ४०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात लोहाच्या ठिपक्यांवर कार्बन साचून वीट आतून फुटते. तिथे कमी लोहाचीच वीट घ्यावी.

बांधताना काय सांभाळायचं?

सांधे एक-दोन मिमीचेच. मॉर्टर पातळ ठेवा आणि वीट आधी ओलसर करून घ्या, नाहीतर ती मॉर्टरमधलं पाणी क्षणात पिऊन टाकते आणि सांधा पकडच घेत नाही. लांब भिंतीत ठरावीक अंतरावर प्रसरणाची फट सोडा आणि ती फायबरने भरा. नवी भिंत पहिल्या पेटवणीला ११०-१२० अंशांवर तासन्‌तास राहू द्या.

सिरॅमिक फायबर ब्लँकेट असताना विटांचा खटाटोप का?

ब्लँकेट आणखी हलकं आणि धक्के सोसणारं आहे. पण ज्योत घासते तिथे ते उडतं, त्यावर काही टेकवता येत नाही, आणि वर्षानुवर्षं तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा एक प्रकार, तयार होतं. छताला ब्लँकेट, भिंतीला वीट, ही जोडणी मला सगळ्यात पटते.

कापताना मास्क लागतोच का?

लागतोच. ही वीट साध्या करवतीने लोण्यासारखी कापली जाते, म्हणूनच निष्काळजीपणा होतो. तिच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. फुप्फुसात गेलेली ती निघत नाही, तिने सिलिकोसिस होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ती माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. जुनं अस्तर तोडताना धोका नव्या विटेपेक्षा जास्त, कारण तापून तापून त्यातलं क्रिस्टोबलाइट वाढलेलं असतं. रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण अडवणारा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घाला. तोडण्याआधी अस्तरावर पाण्याचा फवारा मारा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.